विश्लेषण : ‘सी हॅरियर’ची ३३ वर्षे आणि कमी विमानांचा महागडा हिशेब

नौदलासाठी २६ ‘राफेल मरीन’ विमाने घेण्याचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला, तेव्हा चर्चा रंगली ती किमतीची. रक्कम सुमारे ६३ हजार कोटी रुपयांची, त्यामुळे ते स्वाभाविकच होते. संख्येकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. २६ पैकी चार विमाने दोन आसनी, प्रशिक्षणाची आहेत आणि ती विमानवाहू नौकेवर उतरू शकत नाहीत. म्हणजे जहाजावरून लढायला उरली २२. नौदलाने २०१७ च्या जानेवारीत जगभरच्या कंपन्यांकडून माहिती मागवली, तेव्हा हाच आकडा ५७ होता.

बावीस विमाने पुरतील का, हा प्रश्न नौदलाला नवा नाही. गोव्यातल्या दाबोळी इथल्या ‘आयएनएस हंसा’ तळावर हाच प्रश्न तीन दशके धावपट्टीवर उभा होता. त्याचे नाव ‘सी हॅरियर’. जागच्या जागी वर उठणारे, हवेत थबकणारे, जहाजासमोर नमस्कार केल्यासारखे नाक झुकवणारे हे विमान. नौदल दिनाच्या प्रात्यक्षिकांत त्याने मुंबईकरांची वाहवा मिळवली. ते ११ मे २०१६ रोजी निवृत्त झाले, तेव्हा निरोपाचे लेख भरपूर आले. पण तीसच्या आसपास घेतलेली विमाने शेवटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कशी उरली, याचा हिशेब त्या लेखांमध्ये क्वचितच होता.

हॅरियर घ्यायची वेळ का आली?

पहिल्या ‘विक्रांत’वर सुरुवातीला होती ती ‘सी हॉक’ ही ब्रिटिश बनावटीची जेट विमाने. नौदलाची ३०० क्रमांकाची तुकडी, म्हणजेच ‘व्हाइट टायगर्स’, १९६० मध्ये त्यांच्यासाठीच उभी राहिली. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरला याच विमानांनी कॉक्स बझारवर आणि त्यानंतर चितगावच्या बंदरावर हल्ले चढवले. तेव्हा ‘विक्रांत’च्या चार बॉयलरपैकी एक निकामी होता, जहाजाचा वेग मर्यादित होता आणि तरीही विमाने उडाली. या कामगिरीचे कौतुक आजही होते, ते योग्यच आहे.

पण सी हॉकचे उत्पादन त्याआधीच थांबले होते. साठच्या दशकात भारताने पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरलेली सी हॉक विमाने विकत घेऊन वेळ मारून नेली होती. जुनी विमाने घेऊन ताफा चालवण्याची सवय म्हणजे फार जुनी आहे. सत्तरच्या दशकात प्रश्न असा होता, की ‘विक्रांत’सारख्या लहान जहाजावरून उडेल असे नवे विमान जगात तयारच कोण करते? अमेरिकी आणि फ्रेंच विमाने मोठी होत चालली होती, त्यांना लांब डेक आणि ताकदवान वाफेचे कॅटापुल्ट लागत होते. कॅटापुल्ट म्हणजे विमानाला गोफणीसारखे पुढे फेकणारी यंत्रणा. ‘विक्रांत’ची यंत्रणा जुनी झाली होती.

जुलै १९७२ मध्ये जॉन फार्ली या ब्रिटिश चाचणी वैमानिकाने हॅरियर ‘विक्रांत’वर उतरवून दाखवले. कॅटापुल्ट नको, तारेने अडवणे नको. निर्णयाला मात्र आणखी सात वर्षे लागली. १९७९ च्या अखेरीस भारताने सहा लढाऊ आणि दोन प्रशिक्षण विमानांची मागणी नोंदवली. तोवर सी हॅरियरने एकही युद्ध पाहिले नव्हते. फॉकलंडची लढाई झाली १९८२ मध्ये, तिथे या विमानांनी अर्जेंटिनाची वीस विमाने पाडली आणि हवाई चकमकीत स्वतःचे एकही गमावले नाही. भारताची निवड त्याआधीची होती, हे नौदलाच्या नियोजनकर्त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. प्रश्न निवडीचा नव्हताच. सहा आणि दोन या आकड्यांचा होता.

जागच्या जागी उतरण्याची किंमत

हॅरियर कसे उडते, हे थोडे समजून घेतले की पुढचे बरेच काही समजते.

या विमानात ‘पेगासस’ नावाचे एकच इंजिन असते आणि त्याचा झोत चार नोझलमधून बाहेर पडतो. वैमानिक एका तरफेने ही नोझल मागून खाली वळवतो. झोत मागे असला की विमान पुढे जाते, खाली असला की ते झोतावर तोलले जाते. विमान हवेत स्थिर असताना पंखांचा उपयोग शून्य, कारण त्यांच्यावरून वारा वाहत नाही. मग ते कलंडू नये म्हणून इंजिनातलीच थोडी दाबाची हवा नाकाशी, शेपटीशी आणि पंखांच्या टोकांशी बारीक छिद्रांतून सोडावी लागते.

आता आकडे पाहा. इंजिनाचा जोर सुमारे ९,७५० किलो वजन उचलण्याइतका. विमानाचे पूर्ण भारासह वजन सुमारे ११,९०० किलो. म्हणजे इंधन आणि शस्त्रे भरलेले हॅरियर सरळ वर उठूच शकत नाही. चित्रपटात दिसते तसे उड्डाण प्रत्यक्षात फार कमी वेळा होत असे. त्यावर उपाय काढला ब्रिटिश नौदलातल्या डग्लस टेलर या अधिकाऱ्याने. डेकचे पुढचे टोक घसरगुंडी उलटी ठेवावी तसे वर वळवायचे. थोडे धावून विमान त्या चढावरून वर फेकले जाते आणि पंखांना पुरेसा वेग मिळेपर्यंत काही सेकंदांची उसनवारी मिळते. हीच ‘स्की जंप’. ‘विक्रांत’ला ती नंतर बसवली गेली, ‘विराट’वर १२ अंशांची होती, आजच्या दोन्ही विमानवाहू नौकांवरही तीच आहे.

उड्डाणाचा प्रश्न असा सुटला, उतरण्याचा नाही. उतरताना विमानाचे वजन इंजिनाच्या जोरापेक्षा कमीच असावे लागते. तापलेली, दमट हवा विरळ असते आणि तिच्यात इंजिनाचा जोर घटतो. अरबी समुद्रात मे महिन्याच्या दुपारी परतणाऱ्या वैमानिकाकडे म्हणून चुकीला वाव अगदी थोडा. इंधन जास्त उरले तर वजन जास्त, कमी उरले तर दुसऱ्या प्रयत्नाची संधी नाही. दुसरे इंजिन नाही. तरंगत असताना इंजिनाने दगा दिला तर आसनासह बाहेर उडी घेण्यासाठी क्षणभराचा अवधी. हॅरियरच्या अपघातांची चर्चा करताना ‘वैमानिकाची चूक’ हे दोन शब्द फार सहज वापरले जातात. ज्या यंत्रात चुकीला जागाच इतकी कमी आहे, तिथे ते शब्द जपून वापरलेले बरे.

दाबोळीत आले, ताफा कधी भरलाच नाही

पहिली तीन सी हॅरियर १६ डिसेंबर १९८३ रोजी दाबोळीला उतरली. ३०० क्रमांकाच्या तुकडीचे नेतृत्व तेव्हा अरुण प्रकाश यांच्याकडे होते. ते पुढे नौदलप्रमुख झाले. १९८५ मध्ये आणखी दहा विमानांची मागणी नोंदवली गेली, त्यानंतर आणखी काही आली. १९८७ मध्ये ‘विराट’ दाखल झाली. हे जहाज म्हणजे फॉकलंड मोहिमेचे नेतृत्व करणारे ‘हर्मिस’. याच जहाजावरून याच जातीची विमाने लढून आलेली. भारताला मिळालेली ही जोडी त्या काळात आशियात कोणाकडेही नव्हती.

भारतीय आवृत्तीवर फ्रेंच ‘मात्रा मॅजिक’ क्षेपणास्त्रे बसवली होती, जहाजांवर मारा करायला ‘सी ईगल’ होते. पाकिस्तानच्या टेहळणी विमानांना किनाऱ्यापासून दूर ठेवणे आणि नौदलाच्या ताफ्यावर हवेतून छत्र धरणे, हे मुख्य काम. विमान स्वनातीत वेगाचे नव्हते, रडार साधे होते; पण टेहळणी विमानांसाठी ते पुरेसे होते.

नव्वदच्या दशकात हे ‘पुरेसे’ अपुरे होऊ लागले. नजरेपलीकडच्या लक्ष्यावर मारा करणारी क्षेपणास्त्रे सर्वत्र येत होती. ब्रिटिश नौदलाने १९९३ मध्ये आपल्या सी हॅरियरची सुधारित आवृत्ती सेवेत आणली, नवे रडार, नवे क्षेपणास्त्र. भारताने तेव्हा काही केले नाही. १९९१ च्या आर्थिक संकटानंतर संरक्षण खर्चाला कात्री लागली होती, हे कारण खरे आहे. ते पूर्ण दशकाला मात्र पुरत नाही.

इस्रायली ‘एल्टा’ रडार आणि ‘डर्बी’ क्षेपणास्त्र बसवून पंधरापर्यंत विमाने सुधारण्याचे काम हाती आले ते २००५-०६ च्या सुमारास. त्याचे नावच ‘मर्यादित सुधारणा’ असे होते. ब्रिटनपेक्षा एक तप उशीर. या एका तपात विमाने कमी होत गेली. २००९ च्या ऑगस्टमध्ये एका अपघातानंतर सगळी सी हॅरियर काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. त्यावेळच्या वृत्तांनुसार सेवेत आल्यापासून सतरा अपघात झाले होते, सात वैमानिकांनी प्राण गमावले होते आणि निम्म्याहून कमी विमाने शिल्लक होती.

यात एक साधे गणित आहे, ते फायलींमध्ये नेमके हरवते. लढाऊ विमान शांततेतही नष्ट होते. दर काही हजार उड्डाणतासांमागे एखादे जातेच, जहाजावरून उडणारे असेल तर आणखी लवकर. म्हणून कोणतेही शहाणे नौदल लढण्यासाठी किती हवीत, हा आकडा काढल्यावर त्यात तीन गोष्टी मिळवते. प्रशिक्षणासाठी किती, दुरुस्तीत अडकलेली किती आणि वीस-पंचवीस वर्षांत गमावली जातील ती किती. पहिल्या मागणीत सहा लढाऊ विमाने होती. सहा विमानांतली दोन दुरुस्तीला गेली की तुकडी उरते चारची. ताफा लहान असला की प्रत्येक विमानावर ताण वाढतो, प्रत्येक वैमानिकाला उड्डाणाचे तास कमी मिळतात. कमी सराव आणि अवघड विमान यांचा संयोग कुठे नेतो, ते वेगळे सांगायला नको. दोन आसनी विमाने मोजकी असल्याने नव्वदच्या दशकापर्यंत वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग ब्रिटनमध्येच होत होता.

ब्रिटनने दार लावले तेव्हा

मार्च २००६ मध्ये ब्रिटिश नौदलाने आपली सी हॅरियर निवृत्त केली. त्या दिवसापासून जगात हे विमान वापरणारे नौदल एकच उरले, भारताचे. सुट्या भागांचा प्रश्न असा एका रात्रीत बदलतो. जोवर निर्माता देश स्वतः विमान वापरतो, तोवर भागांचे उत्पादन, तांत्रिक सुधारणा, अपघातांच्या चौकशीतून मिळणारे धडे, सगळे चालू असते. तो बाजूला झाला की उरतात ती गोदामे.

त्याच वर्षी ब्रिटनची निवृत्त झालेली आठ विमाने घेण्याचा विचार भारताने केला. पण मिळणार होते ते जवळजवळ पोकळ विमान. आधुनिक रडार काढून, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा काढून आणि अमेरिकी क्षेपणास्त्र डागण्याची सोय वगळून. दुरुस्तीचा खर्च वेगळाच. तो व्यवहार झाला नाही आणि ते बरेच झाले. रिकामा सांगाडा घेऊन संख्या दाखवता येते, ताफा उभा राहत नाही.

हॅरियर ‘युद्धात वापरलेच नाही, मग काय उपयोग’ असा एक आक्षेप समाजमाध्यमांवर अधूनमधून डोके वर काढतो. भारतीय सी हॅरियरने युद्धात शत्रूचे विमान पाडले नाही, हे खरे. पण २००५ आणि २००७ च्या ‘मलबार’ सरावांत अमेरिकेच्या ‘निमिट्झ’सोबत ‘विराट’ उतरली ती याच विमानांच्या जोरावर. विमानवाहू नौका चालवणे ही शेकडो माणसांची एकत्रित सवय असते. डेकवर विमान ढकलणारा खलाशी, इंधन भरणारा, वाऱ्याची दिशा पाहून जहाज वळवणारा अधिकारी, हे सगळे रोजच्या उड्डाणांतूनच तयार होतात. ही सवय हॅरियरने तीन दशके जिवंत ठेवली.

त्यातही एक तुटलेला धागा आहे. हॅरियर उभे उतरत असल्याने तारेने अडवून उतरण्याची कला नौदलातून जवळजवळ नाहीशी झाली. ‘विक्रांत’वरची ‘अलिझे’ ही पाणबुडीविरोधी विमाने कॅटापुल्टने उडत आणि तारेवर उतरत. १९८७ च्या सुमारास ती जहाजावरून हटली. त्यानंतर ‘विक्रमादित्य’ येईपर्यंत पंचवीस वर्षे भारतीय डेकवर तार ताणली गेली नाही. ‘मिग-२९के’साठी वैमानिकांना ही कला नव्याने शिकावी लागली, त्यासाठी काहींना अमेरिकेत पाठवावे लागले. विमान निवडताना त्यासोबत कोणते कौशल्य येते आणि कोणते जाते, याची नोंद खरेदीच्या कागदात कुठेच नसते.

पुढची पाने तशीच

‘विराट’वरून सी हॅरियरने शेवटचे उड्डाण केले ६ मार्च २०१६ रोजी. बरोबर एक वर्षाने, ६ मार्च २०१७ ला, मुंबईत ‘विराट’ निवृत्त झाली. राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये ती सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात संग्रहालय म्हणून उभी करण्याचा ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला होता. प्रत्यक्षात २०२० मध्ये ती ओढत अलंगला नेली गेली. तिच्या आधी ‘विक्रांत’ मुंबईच्या दारूखान्यात मोडीत निघाली होती. बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात एक सी हॅरियर उभे आहे. गोव्याला जाणाऱ्यांनी ते पाहावे. जवळून पाहिल्यावर ते किती लहान होते, हे लक्षात येते.

३०० क्रमांकाच्या तुकडीने मग मिग-२९के स्वीकारले. एकूण ४५ विमाने घेतली, यावेळी संख्या बरी होती. पण २०१६ मध्ये कॅगने संसदेत मांडलेल्या अहवालात उड्डाणासाठी सज्ज असलेल्या एक आसनी विमानांचे प्रमाण साधारण १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान आढळले. फेब्रुवारी २०१० पासून ६५ पैकी ४० इंजिने रचनेतील दोषांमुळे सेवेतून काढावी लागली होती. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तीन वर्षांत गोवा आणि अरबी समुद्राच्या परिसरात चार मिग-२९के कोसळली. संख्या पुरेशी असूनही सज्जता नसेल, तर ती संख्या कागदावरचीच राहते. सप्टेंबर २०२२ मध्ये नवी ‘विक्रांत’ सेवेत दाखल झाली तीही याच ताफ्यात वाटेकरी म्हणून. तिच्यासाठी वेगळी विमाने तयार नव्हती.

जहाज बांधायला दहा-बारा वर्षे लागतात आणि ते चाळीस-पन्नास वर्षे टिकते. विमान त्याच्या निम्मे टिकते. दोन्हींची खरेदी वेगवेगळ्या फायलींतून, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या देशांकडून होते. म्हणून कधी जहाज विमानांची वाट पाहते, तर कधी विमाने जहाजाची. ‘विराट’ने शेवटचे वर्ष लढाऊ विमानांविना काढले ते याच विसंगतीमुळे.

राफेल मरीन हे आजच्या घडीला उत्तम विमान आहे, यात वाद नाही. २०२२ मध्ये गोव्यातल्या स्की जंपवर त्याच्या आणि अमेरिकी ‘सुपर हॉर्नेट’च्या चाचण्या झाल्या, त्यातून ते निवडले गेले. फ्रान्स स्वतः ते अजून वर्षानुवर्षे वापरणार आहे, त्यामुळे हॅरियरसारखे सुटे भाग आटण्याची भीती नजीकच्या काळात नाही. हवाई दलाकडेही राफेल असल्याने काही खर्च वाटून घेता येईल. या तिन्ही गोष्टी सी हॅरियरला मिळाल्या नव्हत्या.

पण सगळी विमाने यायला २०३० उजाडणार आहे. देशात बनणारे दोन इंजिनांचे नौदल लढाऊ विमान अजून आकाशात गेलेले नाही. तेजसच्या नौदल आवृत्तीने २०२० मध्ये ‘विक्रमादित्य’वर आणि २०२३ मध्ये ‘विक्रांत’वर उतरून दाखवले, तरी ती तंत्रज्ञान सिद्ध करण्यापुरतीच राहिली. तोवर मिग-२९केचे वय वाढत जाणार आणि दोन जहाजांचा भार २२ राफेलवर येत जाणार. त्यांपैकी दोन जरी अपघातात गेली, तरी जवळपास एक दशांश ताफा कमी होतो.

संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने नौदलाच्या पुढच्या अर्थसंकल्पाची चर्चा करताना मंत्रालयाला तीन आकडे विचारावेत. या २२ मध्ये गमावल्या जाणाऱ्या विमानांसाठी राखीव किती धरली आहेत? सुट्या भागांचा करार किती वर्षांचा आहे? आणि सुधारणेचा पहिला टप्पा कोणत्या वर्षी, कोणत्या रकमेसह ठरला आहे? सी हॅरियरच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला पहिल्या विमानाच्या आगमनापासून वीसहून अधिक वर्षे लागली होती.